बेळगावात संगीतकारांचा सन्मानपथ : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावातल्या एका पदपथावर इथल्या गवयांची, वादकांची, गुरुजनांची नावे कोरली जावीत, असे मी लिहू-बोलू लागल्यापासून तेच ते प्रश्न फिरून फिरून येत आहेत. काही उत्सुकतेने विचारलेले, काही रागाने. एकेकाला वेगळे उत्तर देण्यापेक्षा सगळी उत्तरे इथे एकत्र दिली आहेत. एक आधीच स्पष्ट केलेले बरे : असा पथ आज बेळगावात नाही. ही मागणी आहे, मंजूर झालेली योजना नव्हे.

१. सन्मानपथ म्हणजे नक्की काय? पुतळा उभारण्यासारखंच ना?

नाही. रोजच्या चालण्याच्या पदपथावर ठराविक अंतराने एकेक फरशी बसवतात आणि प्रत्येक फरशीवर एका कलावंताचे नाव असते. पुतळ्याला चौक लागतो, चौथरा लागतो, आणि एका चौकात एकच माणूस मावतो. पदपथावर पन्नास-साठ जणांना जागा होते. शिवाय इथे नाव बघायला मुद्दाम जावे लागत नाही, बस गाठायला निघालेल्या माणसालाही ते दिसते.

२. जगात असे पदपथ कुठे आहेत? हॉलिवूडचा तर सिनेमावाल्यांचा आहे.

हॉलिवूडचा पथ फक्त सिनेमाचा नाही. तिथे १९६० सालापासून पदपथात नावांचे तारे बसू लागले आणि सुरुवातीला चार विभाग होते : चित्रपट, दूरदर्शन, नभोवाणी आणि ध्वनिमुद्रित संगीत. रंगभूमीचा पाचवा विभाग नंतर आला. संगीतवाल्यांच्या ताऱ्यावर ग्रामोफोनची तबकडी कोरलेली असते. मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता यांचा तारा तिथे २०११ मध्ये बसला.

आपल्याला जास्त उपयोगी आहेत ती निव्वळ संगीताची उदाहरणे. अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात बील स्ट्रीटच्या पदपथावर १९८६ पासून पितळी स्वरचिन्हे बसवली आहेत, त्यांवर ब्लूज गाणाऱ्यांची नावे आहेत. फिलाडेल्फियात ब्रॉड स्ट्रीटवर १९८७ पासून कांस्याच्या पाट्या आहेत. नॅशव्हिलने २००६ साली आपला पथ सुरू केला. व्हिएन्नातही संगीतकारांच्या नावांचे तारे पदपथात आहेत. मेम्फिस किंवा नॅशव्हिल ही काही देशाची राजधानी नव्हेत. आमच्या मातीत संगीत झाले, एवढ्या एका गोष्टीवर त्या शहरांनी आपली ओळख उभी केली.

३. पण बेळगावात एवढे मोठे गवई झाले तरी किती?

हा प्रश्न बेळगावकरच विचारतात, याचे मला वाईट वाटते.

कुमार गंधर्वांचा जन्म ८ एप्रिल १९२४ रोजी सुळेभावीचा. शहरातून गाडी काढली की अर्ध्या-पाऊण तासात आपण त्या गावात असतो. हार्मोनियमचे रामभाऊ बिजापुरे १९१७ साली कागवाडात जन्मले, आयुष्यभर बेळगावात शिकवत राहिले आणि २०१० साली इथेच गेले. संगीत नाटकाची मुहूर्तमेढ रोवणारे अण्णासाहेब किर्लोस्कर सौंदत्ती तालुक्यातल्या गुर्लहोसूरचे, जन्म १८४३. त्यांच्या 'शाकुंतला'चा पहिला प्रयोग १८८० साली पुण्यात झाला, पण माणूस इथला. रामकृष्णबुवा वझे मूळचे सावंतवाडीकडचे, त्यांचाही बेळगावात मुक्काम होता. 'साविर पदगळ सरदार', म्हणजे हजार गाण्यांचा सरदार, म्हणून कन्नड मुलुखाने डोक्यावर घेतलेले हुक्केरी बाळप्पाही याच जिल्ह्याचे.

१९२४ च्या डिसेंबरात टिळकवाडीला काँग्रेसचे अधिवेशन भरले. महात्मा गांधी अध्यक्ष असलेले ते एकमेव अधिवेशन. तिथे स्वागतगीत गाणाऱ्या मुलींमध्ये अकरा वर्षांच्या गंगूबाई हनगल होत्या. ज्या शहरात हे घडले त्या शहराला नावांचा तुटवडा नाही.

४. गवयाचं नाव पायाखाली? हा सन्मान की अपमान?

सगळ्यात जास्त वेळा आणि सगळ्यात पोटतिडकीने विचारला जाणारा प्रश्न हाच. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तानपुऱ्याला चुकून पाय लागला तर आपण हात लावून नमस्कार करतो, तंबोऱ्याची गवसणीसुद्धा ओलांडत नाही. मग नावावर पाय कसा ठेवायचा?

दोन गोष्टी सांगतो. पंढरपूरला विठ्ठलाच्या महाद्वारात नामदेवांची पायरी आहे. संतांची पायधूळ अंगावर पडावी म्हणून नामदेवांनी ती जागा मागून घेतली, अशी श्रद्धा आहे. आणि वारकरी काय करतो? त्या पायरीवर पाय न देता तिच्यावर माथा टेकवून पुढे जातो. म्हणजे पायरीत असणे ही गोष्ट आपल्याला परकी नाही, आणि तिचा मान कसा ठेवायचा हेही आपल्याला कुणी शिकवायला नको.

दुसरी गोष्ट हॉलिवूडचीच. मुष्टियोद्धा महंमद अली यांनी सांगितले की माझ्या नावात पैगंबरांचे नाव आहे, त्यावर लोकांनी चालावे हे मला चालणार नाही. तेव्हा त्यांचा तारा २००२ साली नाट्यगृहाच्या भिंतीवर बसवला गेला. इतक्या ताऱ्यांत भिंतीवरचा तो एकटाच. जिथे हा प्रघात मोठा झाला तिथेसुद्धा हा आक्षेप मान्य झाला आहे.

म्हणून माझे मत असे : नावाची फरशी चालण्याच्या पट्ट्यात नकोच. पदपथाच्या आतल्या कडेला, कंपाउंडच्या भिंतीलगत, वीतभर उंच आणि रस्त्याच्या बाजूला थोडी उतरती अशी ती बसवावी. नाव वाचता येते आणि पाय पडत नाही. थोडा खर्च वाढेल. तो करावा.

५. जागा कुठली? आणि भाजीवाल्या बायकांना उठवणार का?

गणपत गल्ली, खडेबाजार, रामदेव गल्ली ही नावे बरेच जण सुचवतात, कारण गर्दी तिथे आहे. मला ती जागा पटत नाही. तिथल्या पदपथावर खेड्यांतून आलेल्या बायका टोपल्या मांडून बसतात, त्यांचे पोट त्यावर आहे. पथविक्रेत्यांसाठी २०१४ चा केंद्राचा कायदा आहे आणि मनाला येईल तसे त्यांना हलवता येत नाही. संगीताच्या नावाखाली कुणाची जागा जाऊ नये.

काँग्रेस रोड मला सगळ्यात योग्य वाटतो. रेल्वे रुळांच्या कडेने जाणारा हा रस्ता पहाटे चालणाऱ्यांचा आहे, अधिवेशनाची आठवण त्याच्या नावातच आहे आणि काँग्रेस विहीर जवळ आहे. दुसरा पर्याय कुमार गंधर्व रंगमंदिरासमोरचा. तिथे मैफलीला येणारे रसिक आपोआप येतात, पण लांबी कमी पडेल.

परवानगीचे म्हणाल तर शहरातले सगळे रस्ते एकाच्या ताब्यात नाहीत. काही महापालिकेकडे, काही सार्वजनिक बांधकाम खात्याकडे, कॅम्पातले कँटोन्मेंट बोर्डाकडे. जागा ठरल्याशिवाय अर्ज कुणाकडे करायचा हेच ठरत नाही.

६. नाव येण्यासाठी बेळगावातच जन्म झाला पाहिजे का?

जन्माची अट घातली तर वझेबुवा बाहेर राहतील. नुसत्या वास्तव्याची घातली तर लहानपणीच देवधर मास्तरांकडे मुंबईला गेलेले आणि पुढे देवासचे झालेले कुमारजी बाहेर राहतील. दोन्ही अटी एकट्या लंगड्या आहेत.

सेंट लुइस शहराने काढलेला तोडगा चांगला आहे : जन्म इथला असावा, किंवा घडण्याची अथवा निर्मितीची वर्षे इथे गेलेली असावीत. नॅशव्हिलने तर जिमी हेंड्रिक्सला २००७ साली मान दिला. जन्माने तो सिएटलचा, पण उमेदवारीच्या काळात नॅशव्हिलच्या क्लबांत वाजवून तयार झाला होता. आपणही जन्म, तालीम, वास्तव्य किंवा अध्यापन यांपैकी एक तरी भक्कम धागा मागावा. एकदा इथे मैफल केली, एवढ्यावर नाव येऊ नये. नाहीतर देशातल्या सगळ्याच गवयांची यादी करावी लागेल.

७. मग भीमसेनजी, मन्सूरअण्णा, गंगूबाई? ते तर धारवाडकडचे.

हा खरा अवघड मुद्दा आहे. भीमसेन जोशी रोणचे, मल्लिकार्जुन मन्सूर धारवाडजवळच्या मन्सूर गावचे, सवाई गंधर्व कुंदगोळचे, बसवराज राजगुरू यलिवाळचे. आजच्या जिल्ह्यांच्या रेषा लावल्या तर यांतले कुणीच बेळगावचे नाही.

पण गाण्याचा मुलूख जिल्ह्यांप्रमाणे कधी चाललाच नाही. किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले आणि कुंदगोळच्या रामभाऊंना घडवून त्यांचे सवाई गंधर्व झाले. सवाई गंधर्वांकडे गंगूबाई शिकल्या, भीमसेन शिकले. मन्सूरांची आधीची तालीम मिरजेच्या निळकंठबुवांकडे, नंतरची अल्लादिया खाँसाहेबांचे चिरंजीव मंजी खाँ आणि भुर्जी खाँ यांच्याकडे, म्हणजे कोल्हापूरच्या परंपरेत. भास्करबुवा बखले धारवाडच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकवत. कोल्हापूर, मिरज, बेळगाव, धारवाड, हुबळी हा एकच रस्ता होता आणि विद्या त्यावरून दोन्ही दिशांनी वाहत होती.

माझी सूचना अशी : बहुतेक फरशा बेळगाव जिल्ह्याशी थेट नाते असलेल्यांच्या असाव्यात आणि पथाच्या एका टोकाला 'वाटेवरचे' म्हणून एक छोटा भाग राखावा. त्यात वरची नावे यावीत. धारवाडने उद्या स्वतःचा पथ केला तर त्यांनी कुमारजींना असाच शेजार द्यावा.

८. साथीदारांचं काय? नेहमी गवयांचाच उदोउदो होतो.

अगदी बरोबर, आणि या पथाने ही रीत मोडली पाहिजे. हार्मोनियमवर गवयाच्या मागे जाणे म्हणजे काय असते ते रामभाऊ बिजापुऱ्यांकडे बघून कळायचे. गायक तान घेऊन जागेवर येतो, त्याच्या आधी नव्हे आणि नंतरही नव्हे, त्याच क्षणी पेटीचा सूर तिथे हजर. गायक श्वास घेतो तेवढ्या मोकळ्या जागेत एक छोटा तुकडा, आणि लगेच माघार. ही माघार शिकायला वर्षे जातात. त्यांनी बेळगावात श्रीराम संगीत महाविद्यालय चालवले आणि पेटी वाजवणाऱ्यांच्या पिढ्या तयार केल्या. त्यांच्याआधीचे विठ्ठलराव कोरगावकरही आपल्याच शहराचे.

फिलाडेल्फियाच्या पाट्यांवर गायकांबरोबर गीतकार, निर्माते आणि रेडिओवरचे निवेदकही आहेत. आपल्याकडे तबलजी, पेटीवाले, शिक्षक, वाद्ये बनवणारे यांची नावे त्याच आकाराच्या फरशीवर यावीत. लहान फरशी, मागची रांग असे काही नको.

आणखी एक गोष्ट मला हवी आहे, जी मी परदेशातल्या पथांच्या वर्णनांत कुठे वाचलेली नाही : प्रत्येक नावाखाली गुरूचे नाव. आपल्याकडे गवयाची ओळख 'कुणाचा शागीर्द' याशिवाय पुरी होत नाही.

९. नाटकवाले, गोंधळी, जोगती, बँडवाले हे यात बसतात का?

बसतात. किर्लोस्करांशिवाय यादी सुरूच होणार नाही. सौंदत्तीच्या डोंगरावर यल्लम्माची गाणी चौंडके या तंतुवाद्यावर म्हणणारे जोगती, तुणतुणे-संबळ घेऊन रात्र जागवणारे गोंधळी, लग्नात सनई धरणारे, हलगी कडाडवणारे, गावोगावची भजनी मंडळे या सगळ्यांनी या भागाचा कान तयार केला. अडचण एवढीच की त्यांतल्या बहुतेकांची नावे कुठे लिहून ठेवलेली नाहीत. म्हणून माणसाच्या नावाऐवजी वाद्याच्या किंवा परंपरेच्या नावाची फरशी असावी : 'चौंडके', 'हलगी', 'संबळ'. ज्यांची नावे खात्रीने माहीत आहेत त्यांची स्वतंत्र.

नट आणि गायक दोन्ही असलेल्याला दोन फरशा मिळाव्यात का, असेही एकाने विचारले आहे. हॉलिवूडमध्ये गायक-नट जीन ऑट्रीला वर सांगितलेल्या पाचही विभागांत तारे आहेत. आपल्याकडे एकाला एकच पुरे.

१०. नाव मराठीत लिहिणार की कन्नडमध्ये?

दोन्हीत, शेजारी शेजारी, सारख्या आकाराच्या अक्षरांत, आणि खाली रोमनमध्ये. राज्यात पाट्यांबाबत कन्नडचे जे नियम लागू आहेत ते पाळावे लागतीलच. ते पाळून देवनागरीला जागा मागणे हा आपला हक्काचा आग्रह असावा.

सीमाभागात राहणाऱ्या कुणालाही हा प्रश्न साधा वाटत नाही, मलाही वाटत नाही. पाटीवरून इथे काय काय झाले ते आपण पाहिले आहे. पण ज्यांची नावे लिहायची आहेत त्यांच्याकडे बघा. कुमारजींच्या घरची भाषा कन्नड. ते कबीर गायले, माळव्याची लोकगीते गायले, मराठी नाट्यपदे आणि तुकोबाही गायले. भीमसेनजींनी मराठीत संतवाणी केली आणि कन्नडमध्ये दासवाणी, म्हणजे हरिदासांची पदे. कानडी विठ्ठलाचे अभंग म्हणणाऱ्या लोकांना हे समजावून सांगावे लागू नये. एकाच लिपीत नाव कोरले तर त्या माणसाचे अर्धे आयुष्य खोडल्यासारखे होईल, मग ती लिपी कुठलीही असो.

११. खरं नाव लिहायचं की लोकांना माहीत असलेलं?

लोकांना माहीत असलेले, मोठ्या अक्षरांत. मूळ नाव खाली लहान. शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळीमठ वाचून किती जण थांबतील? रामचंद्र कुंदगोळकर वाचूनही थोडेच. गंगूबाईंच्या सुरुवातीच्या तबकड्या तर 'गांधारी' नावाने निघाल्या होत्या.

१२. हयात कलावंतांची नावे घ्यावीत का?

माझे मत नाही असे आहे, निदान पहिली काही वर्षे. हॉलिवूडमध्ये हयात कलावंताने समारंभाला हजर राहायचे कबूल केल्याशिवाय नाव पुढे जात नाही, कारण तिथे तो प्रसिद्धीचा सोहळा आहे. आपले शहर छोटे आहे, सगळे एकमेकांना ओळखतात. हयात नावे घेतली की एका गुरूचे शिष्य दुसऱ्या गुरूच्या शिष्यांशी बोलायचे बंद होतील. निधनानंतर पाच वर्षे थांबावे.

१३. पैसे कोण देणार? देणगी दिली तर वडिलांचं नाव लागेल का?

वडील कलावंत असतील आणि प्रश्न ६ मधल्या अटीत बसत असतील तर देणगीशिवायही लागेल. नसतील तर कितीही देणगी देऊन लागू नये. हॉलिवूडमध्ये ताऱ्यासाठी नाव सुचवणाऱ्याला शुल्क भरावे लागते. अलीकडे ते ८५,००० डॉलर आहे. त्यातून देखभाल होते, पण पैसे देणारा मागे उभा नसेल तर नाव अडकते. चौंडके वाजवणाऱ्याच्या मागे कोण उभे राहणार? देणग्या संपूर्ण पथासाठी एकत्र घ्याव्यात आणि देणगीदारांची नावे फरशीवर नकोत.

१४. बेळगावचा पाऊस आणि वरचेवर होणारं खोदकाम, यात ते टिकेल?

दगड नीट निवडला तर टिकेल. शहाबादी फरशी पावसात निसरडी होते, शेवाळ धरते. पॉलिश केलेला ग्रॅनाइटही घसरतो. आपल्या शेजारच्या बागलकोट जिल्ह्यात इलकलचा लालसर ग्रॅनाइट निघतो, तो फ्लेम फिनिश, म्हणजे ज्योतीने भाजून खरखरीत, करून घेतला तर पाय घसरत नाही आणि रंगही उठून दिसतो. अक्षरे पितळेची बसवण्यापेक्षा खोल कोरून भरावीत. पितळ म्हटले की भंगाराचा भाव आला. हॉलिवूडमध्ये २००५ साली ग्रेगरी पेक यांचा तारा करवतीने कापून नेला होता.

खोदकामासाठी उपाय एकच : फरशी सिमेंटमध्ये कायमची गाडायची नाही. वेगळ्या चौकटीत अशी बसवायची की पाण्याच्या किंवा केबलच्या कामाला ती उचलून ठेवता येईल आणि परत बसवता येईल. चेंबरच्या झाकणाजवळ तर बसवूच नये.

बांद्र्याच्या बँडस्टँडवर २०१२ साली सिनेनटांचा असा पथ झाला होता, तो टिकला नाही, असे बरेच जण लिहून पाठवतात. खरे आहे. म्हणूनच उद्घाटनाच्या आधी देखभाल कोण करणार हे कागदावर यायला हवे.

१५. ज्यांना दिसत नाही त्यांना याचा काय उपयोग?

हा प्रश्न एका संगीत शिक्षिकेने विचारला आणि माझ्या मूळ आराखड्यात त्यामुळे बदल झाला. गदगच्या वीरेश्वर पुण्याश्रमात पंचाक्षरी गवई आणि त्यांच्यानंतर पुट्टराज गवई, दोघेही दृष्टिहीन, यांनी कितीतरी अंध मुलांना गाणे शिकवून पायावर उभे केले. बसवराज राजगुरू पंचाक्षरी गवयांचेच शिष्य. ज्या परंपरेने अंधांना एवढे दिले तिच्या पथावर अंध माणूस अडखळला तर ते चालणार नाही. पिवळ्या उठावाच्या फरशांचा पट्टा अखंड राहावा, नावाच्या फरशीची कड काठीला कळेल अशी असावी आणि कमरेइतक्या उंचीवर ब्रेल पट्टी असावी.

१६. नुसती नावं वाचून काय करायचं? गाणं ऐकू येईल का?

आलेच पाहिजे. फरशीजवळ क्यूआर कोड असावा, मोबाइल धरला की त्या कलावंताचे दोन-तीन मिनिटांचे ध्वनिमुद्रण लागावे. इथे कायद्याची बाब येते. भारतात ध्वनिमुद्रणाचा स्वामित्वहक्क प्रकाशनानंतर साठ वर्षे राहतो. त्यामुळे अब्दुल करीम खाँ किंवा सवाई गंधर्वांच्या जुन्या तबकड्या लावायला अडचण नाही. कुमारजींच्या नंतरच्या रेकॉर्डसाठी मात्र कंपनीची परवानगी लागेल. आकाशवाणीचे धारवाड केंद्र १९५० सालचे. तिथल्या संग्रहासाठी रीतसर अर्ज करावा लागेल.

१७. हे सगळं होईल तेव्हा होईल. आत्ता पाहुण्यांना काय दाखवू?

एका दिवसात सुळेभावी, मग धारवाडला मन्सूरअण्णांचे 'मृत्युंजय' हे घर, तिथून हुबळीमार्गे कुंदगोळचा नाडगीर वाडा. अब्दुल करीम खाँसाहेब जिथे उतरत तो हाच वाडा. दुसऱ्या दिवशी उलट्या दिशेने मिरज : मीरासाहेब दर्ग्यात खाँसाहेबांची समाधी आणि त्याच गावात सतारमेकरांची गल्ली. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. दुकानात गेलात तर कारागिराला भोपळा कसा निवडतात ते विचारा, मनापासून सांगतात. वेळ उरला तर कोल्हापूरला देवल क्लब या संगीतसंस्थेजवळ अल्लादिया खाँसाहेबांचा पुतळा आहे. घराची कुलपे आणि भेटीच्या वेळा आधी फोन करून विचारून घ्या, सोमवारी शक्यतो जाऊ नका.